मोगऱ्यालाही ताण हवा

प्रश्न : आमच्या घरामागच्या सांदवाडीत न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला पाच वर्षांचा मोगरा आहे. छातीएवढा झाला, पाला गच्च, पण उन्हाळ्यात जेमतेम एका गजऱ्यापुरती फुलं. कोवळी पानं पिवळी पडतात म्हणून अधूनमधून युरिया टाकते. छाटायला हात धजत नाही. काय करू?
– एक भगिनी, वरुड तालुका

उत्तर : ताई, वरुडच्या म्हणजे संत्र्याची बाग घरची नसली तरी शेजारची असेलच. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली संत्र्याची फुलं, धरायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात, हे तुम्ही दरवर्षी पाहता. मोगऱ्यालाही तोच ताण हवा. तुमच्या झाडाला बाराही महिने पाणी आणि वरून युरिया, मग ते पालाच वाढवत बसणार.

आधी न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवा. आपल्या काळ्या मातीत चुना मुळातच जास्त, त्यात साबण-सोड्याचे क्षार उतरतात. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर झाडाला लोह मिळत नाही असं समजा. आर्वीकडच्या आमच्या घरी सासूबाईंनी लावलेला मोगरा असाच पिवळा पडला होता. मी दोन वर्षं खतच वाढवत गेले आणि झाड आणखी फिकट झालं. शेवटी मोरीचा पाट मोडला, चांगलं कुजलेलं शेणखत घातलं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारलं, महिन्याने पुन्हा एकदा. नवी पालवी हिरवी आली. पावसाळ्यात खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर कारण वेगळं असतं, मुळाशी पाणी साचतं.

डिसेंबर लागला की पाणी बंद करा. भारी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून आठ दिवसांनी काही होत नाही. तीन-चार आठवडे लागतात. पानं थोडी मलूल होऊन झडू लागतील, तेव्हा घाबरून तांब्याभर पाणी ओतू नका, ताण तिथेच मोडतो.

संक्रांतीच्या आसपास छाटा. हात धजत नाही हे मला कळतं, वाढवलेलं झाड कापताना पोटात कालवतंच. पण मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर नाही. धारदार कात्रीने जमिनीपासून दोन वितींवर सगळ्या फांद्या कापा, वाळक्या आणि आत गुंतलेल्या मुळापासून काढा. आळं हलकं खोदून दोन टोपली शेणखत मिसळा आणि मग पाणी सुरू करा, पहिलं बेताचं, दुसरं भरपूर. युरियाला हातही लावू नका.

होळीच्या सुमारास कळ्या धरतील. पहिला बहर सरला की शेंडे चार बोटं खुडा, पुन्हा फूट येते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा आळ्यात तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं पसरा आणि पाणी संध्याकाळीच द्या. ऊन मात्र अडवू नका, दिवसाचं सहा तास तरी हवंच. कळी जांभळी पडून न उमलता गळू लागली तर आत अळी आहे. अशा कळ्या तोडून नष्ट करा आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारता तोच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

मृग लागला की झाडाभोवती चर काढून पाणी वाहतं करा. त्याच दिवसांत एक लांब फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरली की कापून वेगळी करा आणि न्हाणीपासून लांब, समोरच्या अंगणात लावा.