जीमेल भरलं, जुने मेल कॉम्प्युटरवर घेऊन सर्व्हरवरून कसे काढायचे?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं जीमेल पूर्ण भरलंय, नवीन मेल येणं बंद झालंय, २००८ पासूनचे मेल आहेत, ते घरच्या कॉम्प्युटरवर ठेवून सर्व्हरवरून काढायचेत पण एकही हरवायला नको, आणि दर महिन्याला पैसे भरून जागा वाढवायची नाहीये. होतं हे, फुकट होतं, फक्त क्रम चुकवू नका. आधी उतरवून घ्यायचे, मग उघडून बघायचे, मग दुसरी कॉपी करायची, आणि डिलीट सगळ्यात शेवटी. लोकांचे मेल जातात ते मधल्या दोन पायऱ्या गाळल्यामुळे. मी सीएच्या ऑफिसात काम करते, रिटर्नच्या सीझनला कुणी ना कुणी येतंच की अमुक कागद जुन्या मेलमध्ये होता आणि आता सापडत नाहीये, त्यामुळे या विषयावर मला जरा जास्तच बोलायचं असतं, उत्तर लांबेल.

डाउनलोडला हात घालायच्या आधी जागा कशाने भरलीय ते बघा. गूगलचे ते १५ जीबी एकट्या मेलचे नाहीत, ड्राइव्ह आणि फोटो पण त्यातच मोजतात. १ जून २०२१ पासून अपलोड झालेले जवळजवळ सगळे फोटो त्यात धरले जातात आणि अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा २०२४ पासून त्याच जागेतून जातो. वडिलांच्या वयाच्या माणसांकडे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ धरून तो बॅकअपच कितीतरी जीबी असतो. गूगल अकाउंटच्या स्टोरेज पानावर तिन्हींचा हिशोब वेगळा दिसतो. व्हॉट्सॲपच्या बॅकअप सेटिंगमध्ये व्हिडिओ बंद करा आणि एकदा नवा बॅकअप घ्या, थोडी जागा झाली की मेल यायला लागतील आणि मग बाकीचं काम घाई न करता करता येईल.

आता मेल उतरवणं. कॉम्प्युटरवर थंडरबर्ड नावाचं मेल वाचायचं सॉफ्टवेअर टाका, मोझिलाचं आहे, फुकट आहे, २००४ पासून चालू आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. त्यात वडिलांचं अकाउंट आयमॅप (सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर दाखवायची पद्धत) निवडून जोडा, गूगलचं नेहमीचं लॉगिन उघडतं तिथे परवानगी दिली की झालं. थोड्या वेळाने सगळे मेल डाव्या बाजूला दिसायला लागतात आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. लोकांना वाटतं मेल आले की कॉम्प्युटरवर, आता सर्व्हरवरचे उडवू. तसं नाहीये हो. आयमॅप म्हणजे आरसा आहे, सर्व्हरवर जे आहे तेच इथे दिसतं, तिकडून उडवलं की इकडूनही जातं, आणि इकडून उडवलं तर तिकडूनही. खरी तुमची कॉपी तीच जी थंडरबर्डमध्ये खाली ‘लोकल फोल्डर्स’ नावाचा वेगळा भाग असतो त्यात आहे. त्याचा सर्व्हरशी काही संबंध नसतो.

तर लोकल फोल्डर्समध्ये वर्षवार फोल्डर करा, २००८, २००९ असे. मग जीमेलच्या खालचं ‘ऑल मेल’ उघडा, इनबॉक्स नाही. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात, एकाच मेलला तीन लेबलं असली तर तो थंडरबर्डमध्ये तीन फोल्डरांत दिसतो आणि तुम्ही प्रत्येक फोल्डर कॉपी करत बसलात तर तिप्पट उतरवाल. ऑल मेलमध्ये पाठवलेले, आलेले, आर्काइव्ह केलेले सगळे एकेकदाच असतात, फक्त स्पॅम आणि ट्रॅश सोडून. तारखेप्रमाणे लावा, एका वर्षाचे मेल सिलेक्ट करा, राइट क्लिक करून ‘कॉपी टू’ त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये. कॉपी म्हणतेय, ‘मूव्ह’ नाही, ओढून टाकू पण नका, ओढलं की मूव्ह होतं. एका वेळी एकच वर्ष घ्या. मध्येच थांबलं तर घाबरू नका, आयमॅपने एका दिवसात किती डेटा खाली उतरवू द्यायचा त्यालाही गूगलची मर्यादा असते, उरलेलं दुसऱ्या दिवशी करा.

झाल्यावर तपासा. दोन्हीकडे त्या वर्षाचे मेल किती ते जुळतात का बघा, मग थंडरबर्ड ‘ऑफलाइन’ करा आणि लोकल फोल्डरमधले वेगवेगळ्या वर्षांचे अटॅचमेंटवाले मेल उघडून बघा. फाइल उघडली म्हणजे मेल पूर्ण आलाय. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि कृपा करून ते सोडू नका.

मग दुसरी कॉपी, कारण आत्तापर्यंतचं सगळं एका हार्डडिस्कवर आहे आणि हार्डडिस्क कधीही जाते. ‘हेल्प’ मेनूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ आहे, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडतो, पत्ता लिहून घ्या, थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आत प्रत्येक फोल्डरची एकेक मोठी फाइल असते, एमबॉक्स म्हणतात त्याला, साधी टेक्स्ट फाइल, उद्या थंडरबर्ड नसलं तरी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडेल. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही, एक्सफॅट करून घ्या. शिवाय गूगल टेकआउट म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय, तिथून फक्त मेल निवडून एक एक्स्पोर्ट मागवा, तेही एमबॉक्सच देतात. लिंक मेलने येते आणि साधारण आठवडाभरच चालते, आली की लगेच उतरवा. वेगळ्या वाटेने आलेली कॉपी जवळ असली की एकीत काही राहिलं तरी दुसरीत मिळतं.

आता डिलीट, आणि माझं ठाम मत आहे की ते थंडरबर्डमधून करूच नका. थंडरबर्डमधून मेल उडवला की कधी फक्त लेबल निघतं आणि मेल ऑल मेलमध्ये तसाच राहतो, सेटिंगवर अवलंबून असतं, मग जागा का सुटत नाही म्हणून डोकं धरून बसायचं. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा आणि आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद करा. हे फार महत्त्वाचं आहे. तो चालू असेल तर २०१५ च्या मेलला कुणी गेल्या महिन्यात उत्तर दिलं असेल तर ते सगळं एकच धरून नवीन मेलसकट उडतं. मग सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत बिफोर, कोलन, आणि तारीख, म्हणजे बिफोर:२०१९/०१/०१ असं, आकडे इंग्रजी आणि मध्ये स्पेस नाही. वरच्या चौकोनावर टिक केलं की त्या पानावरचेच मेल निवडले जातात, वर एक ओळ येते सर्चमधले सगळे निवडा अशी, त्यावर क्लिक करून डिलीट. ते ट्रॅशमध्ये जातात, तिथे ३० दिवस राहतात आणि तोवर जागाही अडवतात. मी म्हणेन ट्रॅश लगेच रिकामा करू नका, आठवडाभर थांबा, काही आठवलं तर परत घेता येतं, मग रिकामा करा.

ऑफिसच्या नाहीतर स्वतःच्या डोमेनच्या मेललाही हेच चालतं. तिथे लोक पॉप वापरतात, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची दुसरी पद्धत, त्यात मेल उतरल्यावर इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढ असं सांगता येतं, सोपं आहे, पण पॉप साधारणपणे फक्त इनबॉक्स आणतो, पाठवलेले मेल सर्व्हरवरच राहतात आणि नंतर हॉस्टिंग बंद केलं की जातात. ते आधी आयमॅपने लोकलमध्ये घ्या.

काही मेल मात्र सर्व्हरवर असू द्या. बिल्डरशी, बँकेशी, भाडेकरूशी काही वाद चालू असेल तर त्याचे मेल दोन्हीकडे ठेवा. कोर्टात ईमेल द्यायचा झाला तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ मेल त्याच्या हेडरसकट, म्हणजे तो कुणी, कधी, कुठून पाठवला या माहितीसकट असणं आणि नुसती त्याची पीडीएफ प्रिंट असणं यात फरक पडतो. म्हणूनच जुने मेल पीडीएफ करून ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणखी एक, बँकेची स्टेटमेंट, म्युच्युअल फंडाची स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचं इंटिमेशन हे सगळं पासवर्डवालं असतं आणि पासवर्ड कसा बनवायचा ते मेलच्या मजकुरात लिहिलेलं असतं. इंटिमेशनला पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. बँकांचं प्रत्येकीचं वेगळं, मध्येच बदलतंही. म्हणून नुसती अटॅचमेंट काढून मेल टाकून द्यायचा मोह होतो तो टाळा, अख्खा मेल ठेवा. वडिलांचा जुना मोबाइल नंबर, खात्याचे शेवटचे आकडे हे अशा पासवर्डांना लागतात, त्यांनाच विचारून आत्ताच एका वहीत लिहून ठेवा, त्यांना आठवतंय तोवर.

२००८ च्या आसपासचे मराठी मेल असतील तर ते कदाचित चौकोन नाहीतर विचित्र खुणा असे दिसतील. मेल खराब झालेला नसतो, ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ करून बघा, बऱ्याचदा सरळ होतो. वर्डच्या फाइल त्या काळी श्रीलिपी, शिवाजी अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असायच्या, फॉन्ट नसला की उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट अजून असतील तर तो भंगारात द्यायच्या आधी फॉन्टच्या फाइल काढून बॅकअपच्या डिस्कवर ठेवा.