बुडापेस्टच्या पार्लमेंटमधला मुकुट हंगेरीचा पहिला राजा इश्तवान याचा नाहीच, असं वाचलं. हातात दोनच दिवस आहेत. तरी तिकीट काढून बघावा का?

बघा. मुकुट इश्तवानचा नाही हे खरं आहे, तरी बघा. उत्तर खरं तर इथेच संपायला हवं, पण हाच प्रश्न माझ्या मोठ्या दिरांनी मला तिथे त्या घुमटाखाली उभं राहून, सगळ्या टूरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारला होता. त्यामुळे आता ऐकाच.

मी सात वर्षं बुडापेस्टमध्ये राहते. मागच्या उन्हाळ्यात भाऊजी आणि जाऊबाई आले. भाऊजींचा जन्म बँकेत गेला, सही पडताळल्याशिवाय ते वाढदिवसाचं कार्डसुद्धा खरं मानत नाहीत. रविवारी त्यांना पार्लमेंटला नेलं. गाइड मुलगी प्रामाणिक होती. तिने सांगून टाकलं की खालचा पट्टा बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातला आहे, मागच्या बाजूला तिथल्या सम्राटाचं, सातव्या मायकेल डुकासचं चित्र आहे, म्हणजे काम 1070च्या दशकातलं. इश्तवानचा राज्याभिषेक 1000 किंवा 1001 सालचा, आणि तो वारला 1038 मध्ये. भाऊजींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे डुप्लिकेट!" तो शब्द कळायला मराठी लागत नाही. गाइडने वळून पाहिलं. मुकुटाशेजारी तलवार घेऊन उभा असलेला पहारेकरी तेवढा हलला नाही.

दोन नंबरच्या ट्रॅममध्ये बसल्यावर आमची जुंपली.

भाऊजींना मी जे सांगत होते ते असं. हंगेरीत राजा मुकुट घालत नसे, मुकुट राजा करत असे. कारोली रोबेर्ट याचा राज्याभिषेक तीनदा झाला: 1301, 1309 आणि 1310. पहिल्या दोन वेळी डोक्यावर हा मुकुट नव्हता, म्हणून लोकांनी ते धरलेच नाहीत. तिसऱ्यांदा हाच मुकुट ठेवला, तेव्हा तो राजा झाला. शेवटचा अभिषेक 30 डिसेंबर 1916चा. पुढे राजेशाहीच गेली, पण मुकुट राहिला.

आणि 1440 ची गोष्ट! राजा मेलेला, राणी एर्झेबेत गरोदर, आणि सरदार म्हणताहेत की पोलंडच्या राजाशी लग्न कर. राणीने आपली दासी हेलेन कोटानर हिला व्हिशेग्रादच्या गढीत पाठवलं. रात्री कानशीने कुलपं कापली, मुकुट लाल मखमली उशीत शिवला, आणि ती उशी घसरगाडीवर घालून गोठलेल्या डॅन्यूबवरून कोमारोमला आणली. त्याच रात्री राणीला मुलगा झाला. तीन महिन्यांचाही नसलेल्या त्या पोराला मे महिन्यात हाच मुकुट लावून राजा केलं. हे सगळं हेलेनने स्वतः लिहून ठेवलंय. पुढे मुकुट ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे गेला. मात्याश राजाने 80,000 सोन्याच्या नाण्यांची खंडणी मोजून तो सोडवला. 1849 मध्ये हॅब्सबर्गांविरुद्ध उठलेल्या कोशुतच्या माणसांनी तो ओर्शोवाजवळ जमिनीत पुरला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तो अमेरिकनांच्या हाती लागला आणि फोर्ट नॉक्सला, त्यांच्या सोन्याच्या कोठारात जाऊन बसला, तो परत आला 6 जानेवारी 1978ला. एवढी धावाधाव कोणी डुप्लिकेटसाठी करतं का, मी विचारलं. भाऊजी म्हणाले, "त्यांना माहीत नव्हतं."

इथे माझं डोकं फिरलं. कारण हेच भाऊजी वर्षभरापूर्वी साताऱ्याला वाघनखं बघून डोळे पुसत आले होते. ती लंडनहून ज्या म्युझियमने दिली, त्याच म्युझियमचं म्हणणं आहे की महाराजांनी तीच वापरली हे सिद्ध करता येत नाही. तेव्हा सही-शिक्का कोणी मागितला नव्हता. मीही मागणार नाही, हात मीही जोडले असते. पण मग हंगेरियन माणसाला तरी का विचारता?

तुम्हाला अस्सल इश्तवानचंच काही हवं असेल तर ते पार्लमेंटमध्ये नाहीच, नॅशनल म्युझियममध्ये आहे: राज्याभिषेकाचा झगा. तो मुळात पाद्र्याचा चॅसुबल, म्हणजे पूजेच्या वेळचं वस्त्र. रेशमावर सोन्याच्या तारेचं भरतकाम, आणि त्या भरतकामातच लिहिलंय की हे वस्त्र 1031 साली राजा इश्तवान आणि राणी गिझेला यांनी सेकेशफेहेरवारच्या चर्चला दिलं. म्हणजे सहीही आहे आणि तारीखही! इश्तवानचं चित्रही त्यावर आहे, त्याच्या हयातीत काढलेलं. मंद उजेडाच्या खोलीत ठेवलंय, मी गेले तेव्हा आत मी आणि खुर्चीवरच्या बाई, एवढ्याच. पार्लमेंटसमोर मात्र रांगा.

मुकुटापुढे गेलात तर वरचा क्रूस वाकडा दिसेल. पेटीचं झाकण जबरदस्तीने बंद करताना वाकला असं सांगतात, कोणी सरळ केला नाही. तो बसवायला माथ्यावरच्या येशूच्या चित्रालाच भोक पाडलंय. मागच्या बाजूला सम्राटाच्या डोक्यामागे तेजोवलय आहे आणि खाली हंगेरीच्या गेझा राजाला नाही, शिवाय त्याला ‘तुर्कियाचा राजा’ म्हटलंय. आपल्याला खाली बसवणारं चित्र एखादा देश शतकानुशतकं डोक्यावर वागवतो, हे मला फार आवडतं.

आता थोडं भाऊजींच्या बाजूनेही, नाहीतर अन्याय होईल. 1440 मध्येच सरदारांनी पोलंडच्या राजाला दुसऱ्याच मुकुटाने अभिषेक केला आणि ठरवून टाकलं की अधिकार आमच्या संमतीत आहे, धातूत नाही. म्हणजे अडलं की त्यांचंही या मुकुटाशिवाय चालत होतं. हिरोज स्क्वेअर या चौकातले हॅब्सबर्ग राजांचे पुतळेही दुसऱ्या महायुद्धानंतर उतरवून तिथे दुसरे उभे केलेत, तेव्हा अस्सल-नकली बघायला निघालात तर या शहरात पंचाईतच आहे.

तिकीट आधी ऑनलाइन काढा, ऐन वेळी मिळत नाही. आपला पासपोर्ट असेल तर युरोपियन युनियनवाल्यांपेक्षा जास्त पैसे पडतात. घुमटाखाली फोटो काढू देत नाहीत. आणि दोन दिवसांपैकी एक सोमवार असेल तर म्युझियम दुसऱ्या दिवशी ठेवा, सोमवारी बंद असतं. भाऊजींना झगा दाखवून तोंड बंद करायचं म्हणून मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या चढवून वर नेलं आणि दार बंद. मंगळवारी पहाटे त्यांचं विमान होतं.