विमानातून उतरलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं?

तुमचा प्रश्न आहे की विमानातलं न उघडलेलं जेवण, बाटल्या, कॅन हे सगळं उतरल्यावर कुठे जातं आणि विमान कंपन्या त्याचं रिसायकलिंग का करत नाहीत. विमानांना जेवण पुरवणाऱ्या किचनमध्ये मी काम केलं आहे, परत आलेल्या ट्रॉल्या रिकाम्या होताना पाहिल्या आहेत.

खरी अडचण आंतरराष्ट्रीय विमानांची आहे. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून आलेल्या विमानातलं उरलेलं अन्न सर्वांत धोकादायक गटात धरतात. ते जाळायचं, नाहीतर परवानगी असलेल्या जागी खोल पुरायचं. अन्नाचा स्पर्श झालेलं पॅकिंगही त्याच वाटेने जातं. ट्रॉलीत सीलबंद पाण्याची बाटली असते, शेजारच्या ट्रेमधलं दूध तिच्यावर सांडतं आणि चांगली बाटली भट्टीच्या पिशवीत पडते. ते बघताना जीव तुटायचा.

पण नियम उगाच आलेला नाही. 1957 साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा पोचला तो पोर्तुगालमध्ये. लिस्बन विमानतळाजवळच्या डुकरांना विमानातलं उरलंसुरलं खायला घातलं होतं. म्हणून नियम काढून टाका असं मी म्हणणार नाही. मात्र सीलबंद बाटली आणि उष्टं सँडविच एकाच मापाने मोजणं मला अजिबात पटत नाही.

 

'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये केबिनमधून 36 लाख टन कचरा निघाला. त्यातलं जवळपास 65 टक्के खाणंपिणंच होतं. त्यामुळे प्लास्टिकच्या चमच्याजागी लाकडी चमचा आला म्हणून मोठा फरक पडणार नाही. मुळात कमी चढवायला हवं. जपान एअरलाइन्स प्रवाशांना आधी कळवून जेवण नाकारू देते, ही सोय सगळीकडे असायला हवी.

तुमच्या कंपनीत ती असेल आणि तुम्ही झोपूनच जाणार असाल तर जरूर वापरा, पण वेळेत कळवा. सीटवर बसल्यावर 'नको' म्हटलेला ट्रे तोवर विमानात चढलेला असतो. त्याचं वजन वाहायला इंधन जळतं आणि उतरल्यावर, झाकणसुद्धा न उघडता, तो बहुतेक वेळा भट्टीतच जातो.