घंटी वाजवली की आजोबा नेमके माझ्याच बाजूला येतात!

प्रश्न : दादा, मी रोज सकाळी सदाशिव पेठेतून सायकलने क्लासला जातो. बोळात पुढे कोणी आजी-आजोबा चालत असले की मी घंटी वाजवतो, तर ते दचकतात आणि मी ज्या बाजूनं काढणार असतो नेमके तिकडेच सरकतात. परवा एक आजोबा पडता पडता वाचले आणि शिव्या मी खाल्ल्या. आता घंटी वाजवायची की नाही? — एक कॉलेजवाला, पुणे

उत्तर : अरे वाजवायचीच, पण वाजवतोस कधी ते सांग ना. माझा अंदाज, पार पाठीशी पोचल्यावर. मागून अचानक टिंगटिंग झालं की माणूस विचार करत नाही, उडी मारतो, आणि डावीकडे मारली की उजवीकडे हे त्यालाही नंतरच कळतं. साधा हिशोब बघ, ताशी 20 किलोमीटरने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, आणि समोरचं दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सेकंद कधीच गेलेला असतो. 10 वर आलास तर तेच पावणेतीन मीटर. पेठेतल्या बोळात कुठल्या दारातून कोण बाहेर येईल सांगता येत नाही, तिथं 10 सुद्धा पुष्कळ झालं.

तेव्हा 15-20 मीटर लांबून एकदाच वाजव, पॅडल थांबव, आणि बाजू आजोबांना ठरवू दे. ते सरकले की उरलेल्या बाजूनं तू जा. नाहीच वळून बघितलं तर ऐकू कमी येत असेल, मग चालण्याच्या वेगावर ये आणि तोंडानं बोल, पण "उजवीकडून येतोय" असं नको हं, ते ऐकून निम्मे लोक उजवीकडेच सरकतात! नुसतं "आजोबा, सायकल येतेय, सावकाश" पुरतं.

आणि सायकल जुनी काळी, रॉड ब्रेकवाली असेल तर पावसात जास्तच सांभाळ. ओल्या स्टीलच्या रिमवर रबर आधी नुसतं घसरतं, ब्रेक लागतो तो मागाहून.

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. सासूबाई पहाटे मैत्रिणींबरोबर फिरायला जातात, आमच्या गल्लीला फूटपाथ नाही. हेल्मेटवाल्यांचा ग्रुप मागून सूंकन येतो, ना घंटी ना आवाज. त्यांना कोणी सांगणार आहे का? — एक सूनबाई

उत्तर : ताई, मीच सांगतो, कारण मी पण त्यातलाच. महागड्या सायकलवर कित्येकजण घंटी लावतच नाहीत, वजन वाढतं म्हणे! साठ-सत्तर किलोच्या माणसाला घंटीचं कसलं ओझं? वेग काढायचाय तर हायवेच्या कडेला काढा, गल्लीत एकामागे एक, गप्पा बंद आणि अंधारात पुढे दिवा, एवढं तरी करा राव. दिवा सुद्धा खाली रस्त्यावर पडेल असा, समोरून चालत येणाऱ्याच्या डोळ्यात नको.

सासूबाईंना मात्र एक सांगा, फूटपाथ नसेल तर उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे आपल्या बाजूची वाहनं समोरून येतात, दिसतात. चौघी एका ओळीत नको, दोघी-दोघी. बरोबर कुत्रा असेल तर दोरी आखूड धरायची. पहाटे ती दोरी दिसतच नाही हो, माणूस एका कडेला, कुत्रा दुसऱ्या, आणि मधनं सायकलवाला. मी एकदा आपटलोय असा, गुडघ्यावर खूण आहे अजून.

प्रश्न : जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथला लागून सायकल ट्रॅक आहे, पण त्यावर लोक चालतात. मग मी फूटपाथवरून मारली तर काय बिघडलं?

उत्तर : बिघडलं ना. ट्रॅकवर चालणारा चुकला हे खरं, पण फूटपाथवर तू घुसलास तर चालणाऱ्यानं जायचं कुठं, बसच्या पुढे? ट्रॅक भरला किंवा मध्येच संपला तर डावी कडा धरून रस्त्यावरून जा, ट्रॅफिकची भीती वाटत असेल तर खाली उतर आणि सायकल हातात धरून चाल. पार्क केलेल्या गाड्यांपासून हातभर लांब रहा, दार कधी उघडेल नेम नाही.