बॅकस्टेज शिकायला सुरुवात कोठून करावी?

महाविद्यालयाच्या एकांकिकेत अभिनय न करता रंगमंच व्यवस्था शिकायची आहे, तर आधी प्रकाशयोजनेचा अभ्यासक्रम करावा का, असे आपण विचारले आहे. अभ्यासक्रम अवश्य करावा, पण नंतर. पुण्याचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स येथे रीतसर नाट्यशिक्षण मिळते. मात्र तेथे जाण्यापूर्वी एखाद्या नाटकाची व्यवस्थापकाची प्रत, म्हणजे रंगमंच व्यवस्थापकाने खुणा केलेली संहिता, पहिल्या तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत आपण स्वतः सांभाळलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

या कामाचे मूळ त्या प्रतीत आहे. संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरे पान लावावे आणि कोण कोणत्या विंगेतून येतो, हातात काय घेऊन येतो, कोठे थांबतो हे त्यावर पेन्सिलीनेच लिहावे, कारण तालमीत हालचाली बदलत राहतात. उजवी आणि डावी बाजू नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची धरावी. प्रकाशाच्या सूचनांना आकडे व ध्वनीच्या सूचनांना अक्षरे द्यावीत, म्हणजे ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. सूचनेच्या साधारण अर्धे पान आधी ‘स्टँडबाय’ (तयार राहा) लिहावे, ज्या शब्दावर बदल व्हायचा त्याखाली रेघ ओढावी, आणि ‘गो’ (आता बदल करा) हा शब्द प्रयोग चालू असताना त्या क्षणाखेरीज कशासाठीही उच्चारू नये. हौशी संघांकडे बहुधा हेडसेट नसतात. अशा वेळी प्रकाश आणि संगीत चालवणाऱ्यांना याच खुणांची प्रत करून द्यावी.

एका स्पर्धेत, जिच्यावर सगळे कथानक फिरत होते ती चिठ्ठी न घेताच आमचा नट रंगमंचावर गेला. आदल्या तालमीनंतर ती दुसऱ्याच कोटाच्या खिशात राहिली होती आणि ती तपासण्याची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून मी विंगेतल्या टेबलावर पांढरा कागद अंथरतो, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून तिचे नाव लिहितो, आणि पहिल्या घंटेपूर्वी सगळ्या वस्तू यादीप्रमाणे मोजतो. रिकामी राहिलेली रेषा लगेच डोळ्यांत भरते. प्रयोगानंतरही वस्तू तेथेच परत यायला हव्यात.

स्पर्धांमध्ये नेपथ्य लावायला मोजकाच वेळ मिळतो, म्हणून खुर्ची-टेबलाच्या मागच्या पायांच्या जागा रंगीत टेपने आखाव्यात आणि मांडणीची तालीम घड्याळ लावून करावी. लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या, कडांना अंधारात चमकणारी टेप लावल्यास तिच्यावर आधी पुरेसा प्रकाश पडू द्यावा. नाहीतर ती ब्लॅकआउटमध्ये दिसत नाही आणि नटाचा पाय चुकतो.

विजेच्या बाबतीत धाडस नको. 1000 वॉटचा एक पार कॅन (रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा) 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर घेतो. म्हणजे 15 अँपिअरच्या एका सॉकेटवर असे तीनच दिवे चालतात, चौथा लावला की भार 17 अँपिअरच्या वर जातो. हा हिशेब आधी कागदावर करावा, नाट्यगृहाच्या वीज कर्मचाऱ्याला दाखवावा आणि त्याच्या संमतीशिवाय बोर्डाला हात लावू नये. बारवर (वरच्या आडव्या नळीवर) टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सुरक्षेची साखळी नीट अडकवली आहे ना, हे खालून न पाहता शिडीवर चढून तपासावे, आणि तेव्हा शिडी धरायला खाली कोणीतरी उभे असावे.