‘उधृत’ नव्हे, उद्धृत; आणि त्यातली उधारी

प्रश्न म्हापशाहून आला आहे. मॅस्टोडॉन या अनेक सर्व्हरांवर मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमावर दुसऱ्याची पोस्ट आपल्या टिप्पणीसकट मांडायची सोय झाली आहे, मंडळाच्या खात्यासाठी मराठीत सूचना लिहायच्या आहेत, तर ‘उधृत करा’ लिहावं की ‘अवतरण’? आणि दुसऱ्याची पोस्ट जशीच्या तशी पसरवणाऱ्या ‘बूस्ट’ला काय म्हणावं?

आधी ‘उधृत’ खोडा. असा शब्द मराठीत नाही. ‘उध्दृत’ही नाही. शब्द आहे ‘उद्धृत’: अर्धा द आधी, ध नंतर. टाइप करताना द, हलन्त, ध, ऋकार, त. ज्याला ‘पद्धत’ लिहिता येते त्याला हेही यायला हवं, कारण संधी तोच आहे. द् च्या पुढे ह आला की त्या ह चा ध होतो. पद् + हति = पद्धति, तद् + हित = तद्धित, तसंच उद् + हृत = उद्धृत.

शुद्धलेखनापेक्षा वापर जास्त छळतो. ‘मराठी टिकवणे ही काळाची गरज असल्याचे प्रमुख पाहुण्यांनी उद्धृत केले’, असली वाक्यं पणजी-फोंड्याच्या कार्यक्रमांच्या बातम्यांत सर्रास दिसतात. अहो, पाहुणे स्वतःचंच बोलले! ते ‘म्हणाले’. फार तर त्यांनी ‘नमूद केले’. उद्धृत करायला दुसऱ्याचे शब्द लागतात, ते मुळातून उचललेले लागतात, आणि कुणाचे ते सांगावं लागतं.

आता खरी गंमत. उद् म्हणजे वर, हृ म्हणजे नेणं. वर उचलून नेणं, बाहेर काढणं ते उद्धरण. गीतेच्या सहाव्या अध्यायातलं ‘उद्धरेदात्मनात्मानम्’ याच धातूचं. त्याच धातूचा उद्धार. मनुस्मृतीत थोरल्या मुलाला वाटणीआधी विसावा हिस्सा वेगळा काढून देतात, त्या हिश्शाचं नावही उद्धारच. एकातून काढून दुसऱ्याकडे नेलेलं, म्हणून संस्कृतात याच उद्धार शब्दाला कर्ज, देणं असाही अर्थ आला. आणि तो उद्धार प्राकृतातून झिजत झिजत आपल्या वाण्याच्या वहीत येऊन बसला: उधार! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ‘आज रोख, उद्या उधार’ म्हणतात तोच हा शब्द, आणि ज्ञानोबांचं वचन उद्धृत करतात तोही तोच. सख्खे भाऊ. एक तत्सम राहिला, एक तद्भव झाला. म्हणून माझं ठाम म्हणणं असं, की उद्धरण म्हणजे उधारीवर आणलेला शब्द. मालक दुसरा, नाव त्याचं, आणि त्याने मागितला तर परत द्यायचा. ‘सात पिढ्यांचा उद्धार केला’ म्हणजे शिव्या घातल्या, हा अर्थही मराठीनेच लावला आहे. दुसऱ्याची पोस्ट चव्हाट्यावर आणून झोडपणारे नेमका तोच उद्धार करत असतात.

काही संस्कृतज्ञ ‘उद्धृत’ हे हृ पासून नव्हे, धृ म्हणजे धारण करणे यापासून आलं असं ठासून सांगतात. रूपापुरतं त्यांना नाकारता येत नाही, उद् + धृत केलं तरी रूप हेच होतं. पण अर्थाचं काय? उतारा कुणी वर धरून उभा राहत नाही, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतो. शिवाय शेजारचा ‘उदाहरण’ बघा: उद् + आ + हरण. मध्ये आ आल्यामुळे ह उघडा राहिला, ध झाला नाही. तिथे हृ स्पष्ट दिसतो. उदाहरणाला हृ आणि उद्धरणाला धृ ही वाटणी निव्वळ हट्टाची आहे.

‘अवतरण’ वाईट नाही, पण ते अवतारासारखं वरून खाली उतरतं. कुणाकडून घेतलं याचा त्यात पत्ता नाही. ‘उतारा’ त्याहून नेमका. आपल्याकडे गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा म्हणजे सर्व्हे क्रमांक, कब्जेदार, सगळं सांगणारी अधिकृत नक्कल. पण बटणावर क्रियापद लागतं, आणि ‘उतारा द्या’ वाचून लोक मामलेदार कचेरीत जातील. तेव्हा ‘उद्धृत करा’.

ही उधारीची उपपत्ती मॅस्टोडॉनच्या रचनेला चपखल बसते. २०१६ पासून तिथे ही सोय मुद्दाम ठेवली नव्हती. २०१८ मध्ये निर्माते ऑयगेन रोख्को यांनी कारण मांडलं होतं: उत्तर द्यायला हवं तिथे माणूस उद्धृत करतो, आणि समोरच्याशी बोलायचं सोडून आपल्या श्रोत्यांकडे तोंड करून बोलतो. कीर्तनात बुवा अभंग घेऊन निरूपण करतात तेही श्रोत्यांकडे तोंड करूनच, पण तुकोबा उत्तर द्यायला सभामंडपात नसतात. इथे मूळ लेखक बसलेला असतो. म्हणून २०२५ मध्ये सोय आली ती संमतीची कडी घालून. जुलैच्या ४.४ आवृत्तीत उद्धृत पोस्टी दिसू लागल्या, नोव्हेंबरच्या ४.५ मध्ये लिहिताही येऊ लागल्या.

सूचनांत एवढं घाला. पोस्ट लिहितानाच दृश्यतेच्या बटणात ‘कोण उद्धृत करू शकेल’ हे ठरवता येतं: कोणीही, फक्त अनुयायी, किंवा फक्त मी. नेहमीसाठीची निवड सेटिंग्जमध्ये. उद्धृत करायचं असेल तर बूस्टचं बटण दाबल्यावर पर्याय मिळतो. मूळ लेखकाला सूचना जाते, आणि त्याला नको असेल तर उद्धृत करणाऱ्याच्या पोस्टवरल्या तीन ठिपक्यांतून तो आपली पोस्ट काढून घेऊ शकतो. वाणी वही उघडून उधारी वसूल करतो, तसंच. फक्त अनुयायांसाठीची पोस्ट लेखकाशिवाय कुणालाच उद्धृत करता येत नाही. मूळ लेखकाच्या सर्व्हरचा होकार यायचा असेल तोवर उद्धृत पोस्टच्या चौकटीत मूळ मजकूर दिसत नाही; ते बिघडलेलं नाही, पुन्हा पुन्हा पोस्ट करू नका. जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरवर चौकट दिसतच नाही, ‘RE:’ ही इंग्रजी अक्षरं आणि दुवा एवढंच दिसतं, तेव्हा आपलं वाक्य चौकटीशिवायही कळेल असं लिहा. ‘हे बघा काय म्हणतात!’ एवढंच लिहिलं तर तिथल्या वाचकाला काहीच कळत नाही.

परवानगी नाही म्हणून स्क्रीनशॉट चिकटवणं ही मात्र उधारी नव्हे, उचलेगिरी. त्यात मूळ दुवा नसतो, लेखकाने नंतर केलेली दुरुस्ती पोचत नाही, आणि चित्राचं वर्णन लिहिलं नसेल तर पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाला मजकूर ऐकूही येत नाही. सर्व्हे क्रमांक खोडलेला एक-चौदा कुणी मानेल का?

राहिला बूस्ट. ज्या ॲक्टिव्हिटीपब नियमावलीवर हे चालतं, तिच्यात या क्रियेचं नाव आहे ‘अनाउन्स’. म्हणजे मराठीत दवंडी. दवंडी पिटणारा दिलेला मजकूर जसाच्या तसा गावभर नेतो, पदरचं एक अक्षर घालत नाही. बूस्टमध्येही आपलं अक्षर घालायला जागा नाही. बटणावर ‘दवंडी द्या’ लिहा. ‘पुढे पाठवा’ नको, तो व्हॉट्सॲपचा शब्द झाला, आणि तिथे पुढे पाठवताना मूळ लेखकाचं नावच गळतं.