लव्हाळा उपटू नका, खणा

तुम्ही दर रविवारी लव्हाळा, म्हणजे ते गवतासारखं चिवट तण, उपटताय आणि बुधवारी परत हिरवंगार, बरोबर ना? अहो तो वरून उपटून जाणारच नाही, खाली काळ्या गाठी असतात एकीला एक जोडलेल्या, माळेसारख्या, आणि वरचं पातं ओढलं की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठीसुद्धा फुटायला लागतात. मी पहिली दोन वर्षं हेच करत बसले.

आता एप्रिल-मे मध्येच काम उरका, पावसाच्या आधी. आदल्या संध्याकाळी थोडं पाणी मारून ठेवा म्हणजे माती भुसभुशीत होते, मग खुरप्याने नाही, कुदळीने वीतभर तरी खणा आणि माती हाताने चाळून गाठी वेचा, कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज नाही. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका!! कडक उन्हात पत्र्यावर पार सुकवा. प्लास्टिक अंथरायचा खर्च करू नका, लव्हाळ्याची टोकं प्लास्टिक फोडून वर येतात. त्याला सावली सोसत नाही, म्हणून मोकळ्या वाफ्यात रताळ्याचा किंवा भोपळ्याचा वेल दाट पसरू द्या, आणि नवीन कोंब दिसला की चार-पाच पानं यायच्या आत गाठीसकट काढा.